जोसेफच्या सणापर्यंत पाणी नाही

ओतकार कोळशाच्या खाणीत उतरायचा, आठशे मीटर खाली,
आणि घरी आला की नखांतली काळी रेघ तशीच घेऊन
आधी खिडकीपाशी जायचा.
चौथा मजला, ओस्त्रावा, समोर पोलाद कारखान्याचं धुरांडं.
खिडकीत बावीस निवडुंग,
कुंड्या कसल्या, दह्याचे डबेच.
उन्हाचं एवढं वेड असलेला माणूस
जन्मभर अंधारात राबतोय
हे माझ्या ध्यानात आलं लग्नानंतर नऊ वर्षांनी.
त्याला बोलून दाखवलं नाही.

बिया टपालाने यायच्या, पत्राच्या घडीत,
खसखशीएवढ्या.
टपालातली मुलगी विचारायची, आत काय आहे?
तो म्हणायचा, धूळ. मेक्सिकोची.

त्याची एक वही होती.
चौऱ्याहत्तर: पेरला. शहात्तर: मसुरीएवढा.
एक्याऐंशी: कोटाचं बटण.
एक्क्याण्णव: फूल.
(त्या दिवशी त्याने रजा काढली होती.
दोन्ही मुलांच्या जन्माला काढली नव्हती.)
मुलांची उंचीही त्याच वहीत, मागच्या पानांवर,
पेन्सिलने.

ऑक्टोबर संपला की पाणी बंद.
मार्चात जोसेफच्या सणापर्यंत थेंब नाही.
सुरकुतायचे बिचारे, मातीत आत आत ओढले जायचे,
मला बघवत नसे.
एका जानेवारीत मी चोरून
अर्धा चमचा पाणी घातलं, एकालाच.
आठवड्यात तो मऊ पडला,
मग बुडापासून तपकिरी.
ओतकारने वहीत लिहिलं: कारण अज्ञात.
आणि ओट्यावरचा तो छोटा चमचा
न बोलता खणात ठेवून दिला.

तो गेल्यावर दुसऱ्या ऑक्टोबरात मी गेले
दोक्तोर आरोयोच्या पुढच्या माळावर.
विमान, बस, मग एका ट्रकच्या मागे, कांद्याच्या पोत्यांवर.
दोन तास शोधलं.
दगड, दगड, काटेरी झुडूप, दगड.
शेळ्यांमागे आलेल्या एउलालियाबाईंनी काठी टेकली
माझ्या बुटाच्या टोकाशी.

तो होता.
गळ्यापर्यंत जमिनीत, चुनखडीच्या रंगाचा,
एक कान शेळीने खाल्लेला, वर दोन लेंड्या,
आणि मधल्या लोकरीत एक पांढरं फूल,
कुणाच्या हातून सांडल्यासारखं.
आमचा खिडकीतला म्हणजे याच्यापुढे लाडोबा,
दर रविवारी ब्रशने झटकलेला.
मी ओतकारची मोजपट्टी काढली.
अकरा सेंटिमीटर.
वय कसं विचारावं ते कळेना.

चाउते, बाई म्हणाल्या. चाउते, मी म्हटलं.
त्यांनी खांद्यावरचं मातीचं मडकं उतरवलं,
त्याची तडा गेलेली कड माझ्या बोटाखाली फिरवली,
फुटलेलं, सांधलेलं, गुळगुळीत.
मग झाडाकडे बोट, मग चिमटीत चिकट काहीतरी
ओढून दाखवल्याची खूण.
म्हणजे याच्या चिकाने इथे मडकी जोडतात!
एकतीस वर्षं ज्याला मिलिमीटरने मोजला, तो
इथला डिंक.
मी इतकी हसले की शेळ्या थबकल्या.

त्याच मडक्यातलं पाणी त्यांनी दिलं. मी प्यायले.
आणि का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं,
चेक भाषेत, जानेवारी, अर्धा चमचा,
कारण अज्ञात, खण ओढल्याचा आवाज.
बाईंनी नीट ऐकून घेतलं.
मग त्यांनीही काही सांगितलं, बराच वेळ,
त्यात एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं, सिप्रियानो,
एकदा हात पोटाशी, एकदा आभाळाकडे.
मी मान हलवत राहिले.
मधेच त्या एका शेळीवर खेकसल्या
आणि पुढचं राहूनच गेलं.

आज डिसेंबरची अकरा.
काचेबाहेर बर्फ, आत एकवीस डबे,
सगळे सुरकुतलेले, सगळे ठणठणीत.
जोसेफच्या सणाला अठ्ठ्याण्णव दिवस आहेत.
चमचा मी खणातून बाहेर काढलाय.
चहात साखर ढवळते त्याने.